बोटांचं माप

आत्याच्या तीनचाकीची सीट तिनं पहिल्यांदा उचकटली तेव्हा मी सातवीत होते. गाडी घरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. आत्या ओट्यावर बसलेली, हातात कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून आणलेला पाना, आणि माझ्या ओंजळीत एकेक बोल्ट पडतोय. "मोजून ठेव गं. चार सीटचे, दोन पाठीचे." खालून प्लायवूडची फळी निघाली. तिच्यावर पातळ स्पंज, स्पंजवर निळं रेक्झिन. आत्यानं स्पंज चिमटीत धरून दाबला. अंगठा आणि बोट जवळजवळ टेकलेच. "ह्याच्यावर कुणी बसून बघितलेलं दिसत नाही," ती म्हणाली आणि फळी बाजूला ठेवली.

आत्याला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. दोन्ही पायांतला जोर गेला. कराडच्या घरात ती हातांवर सरकत फिरायची आणि हातमशीनवर ब्लाउज शिवायची. घरात आजीचं पायमशीनही होतं, पण ते चालवायला पाय हवेत. चाळिशीला आल्यावर एका शिबिरात तिला तीनचाकी मिळाली. मागं दोन चाकं, पुढं एक, छातीच्या उंचीवर हातानं फिरवायची पायडलं आणि तिथून पुढच्या चाकापर्यंत उतरलेली चेन. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच कुणाच्या पाठुंगळी न बसता मंडईत गेली. अस्तराचं कापड स्वतः हात लावून निवडलं. गाडीनं तिला काय दिलं हे मी पाहिलंय. म्हणूनच त्या सीटचा राग अजून येतो.

लोकांना वाटतं, पाय गेले म्हणजे पायांना कळायचंही थांबतं. पोलिओत तसं नसतं. ताकद जाते, संवेदना राहते. तासभर फळीवर बसलं की बसायच्या दोन हाडांखाली जी आग व्हायची ती तिला पुरती कळायची. आपण नकळत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलतो, तसं तिला कलता यायचं नाही, कारण दोन्ही हात पायडलवर गुंतलेले. मग थांबायचं, हातांवर अंग उचलायचं, पुन्हा बसायचं. मंडईच्या वाटेवर तिचे थांबे ठरलेले होते. मला लहानपणी वाटायचं, आत्या ओळखीच्या माणसांशी बोलायला थांबते.

पुढं मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि कामाच्या निमित्तानं सहा महिने इंग्लंडात कोव्हेंट्रीला राहिले. या गावाला सायकलींचं माहेर म्हणावं इतकी तिथं सायकल घडली आहे. गावातल्या वाहनांच्या संग्रहालयात मी जवळजवळ दर रविवारी जायचे. मोठ्या चाकाच्या जुन्या सायकलींपुढं नेहमी गर्दी असायची. मी मात्र तीनचाकींपुढं उभी राहायचे, आणि इंजिनिअर असूनही चाकं सोडून सीट बघत बसायचे.

तिथल्या माहितीतून मला जेम्स स्टार्ली भेटला. १८३० साली ससेक्समधल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. शेतीत मन रमेना म्हणून घरातून निघून गेला आणि लंडनजवळ जॉन पेन नावाच्या कारखानदाराच्या बंगल्यावर माळी म्हणून लागला. त्या घरातलं शिवणयंत्र बिघडलं, आणि या माळ्यानं ते नुसतं दुरुस्त केलं नाही, आधीपेक्षा चांगलं करून दिलं. तिथून तो शिवणयंत्रांच्या धंद्यात शिरला आणि १८६१ मध्ये जोसाया टर्नरसोबत कोव्हेंट्रीला येऊन शिवणयंत्रांची कंपनी काढली. १८६८ मध्ये टर्नरच्या पुतण्यानं पॅरिसहून एक पायडलची सायकल आणली आणि शिवणयंत्रं करणारे हात सायकली करू लागले.

हे वाचताना मला आजीचं पायमशीन दिसत होतं. स्टार्लीची पहिली नावाजलेली तीनचाकी, १८७६ची 'कोव्हेंट्री लिव्हर', गोल पायडलवर चालत नव्हती. तिला दोन दांड्या होत्या, पावलांनी आळीपाळीनं दाबायच्या, आणि त्या दाबातून मोठं चाक फिरायचं. पायमशीनच्या खालचं पॅडल जसं वरखाली होतं आणि बाजूचं चाक गोल फिरतं, अगदी तसं. शिवणयंत्रावर हात बसलेल्या माणसाला गती अशीच सुचणार. लवकरच दांड्यांच्या जागी चेन आणि गोल पायडल आलं. त्या 'कोव्हेंट्री रोटरी'त एका बाजूला मोठं चाक, दुसऱ्या बाजूला एकामागं एक दोन लहान चाकं, आणि मधे माणूस. लहान चाकं एकाच रेषेत धावत असल्यानं रस्त्यावर दोनच चाकोऱ्या उमटायच्या. दगडधोंड्यांच्या रस्त्यावर याचं मोल मोठं. तिसरं चाक मधून धावलं की बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा, त्यातला प्रत्येक खडा त्या चाकाला लागतो आणि हिसका बसतो तो बसलेल्याच्या कण्याला.

त्या काळी माणसं तीनचाकीवर का बसली हेही समजून घ्यायला हवं. मोठ्या चाकाची दुचाकी उंच, तिच्यावर चढणं ही कसरत, आणि खड्ड्यात चाक अडकलं की माणूस हँडलवरून तोंडावर. झगा घातलेल्या बाईला, वयस्क डॉक्टरला, पाद्र्याला ती जमण्यासारखी नव्हती. तीनचाकी मात्र उभ्या जागी उभी राहते. म्हणून १८८०च्या दशकात तिला बहर आला. १८८४ पर्यंत इंग्लंडात तीनचाकींचे शंभराहून जास्त नमुने बनत होते. आणि हे गिऱ्हाईक घोडागाडीत बसणारं होतं, त्यामुळे त्यानं पहिल्यांदा बसायची जागा पाहिली. त्यांच्यासाठी केलेल्या गाड्यांत स्प्रिंगांवर ठेवलेलं खुर्चीसारखं आसन आहे. फ्रेमच्या नळ्या बसणाऱ्याच्या दोन्ही अंगांनी जातात, पालखीचे दांडे जावेत तशा. पुढून मोकळं, म्हणजे झगा सावरत चालत येऊन बसता यावं. आधी बसणारा ठरला आणि त्याच्याभोवती लोखंड वाकवलं, असं या फ्रेमकडे बघून वाटतं.

स्टार्लीच्या 'साल्वो' गाडीची गोष्ट कोव्हेंट्रीत सगळ्यांना पाठ आहे. तो आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून दोघांनी चालवायची गाडी तपासत होते. तरणा मुलगा जोरात पायडल मारी, वडिलांचा जोर कमी पडे, गाडी एका अंगाला ओढली जाई. असं करत ती रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपात जाऊन पडली आणि तिथं बसल्या बसल्या स्टार्लीला उपाय सुचला, असं सांगतात. झुडपाचं काहीही असो, १८७७ मध्ये त्यानं डिफरन्शियल गिअर बसवला हे खरं. एकाच आसाला दोन्ही चाकं घट्ट बांधली तर वळताना पंचाईत होते. खळ्यात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांत बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, तसंच बाहेरच्या चाकालाही. डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर देतो आणि तरी ज्याला जितकं फिरायचं तितकं फिरू देतो. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसानं १८२७ मध्येच वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती केली होती, पण ती रस्त्यावर घरोघर पोचवली तीनचाकीनं. आज ट्रकच्या मागच्या आसावर जो गोळा दिसतो त्यात तोच असतो.

साल्वोत माणूस दोन मोठ्या चाकांच्या मधे बसतो. पुढं लहान चाक, हाताशी मूठ, ती फिरवली की दातेरी पट्टीतून पुढचं चाक वळतं. बसणाऱ्याचं वजन चालत्या चाकांवर पडतं, म्हणजे चाक घसरत नाही. पण सीट आसाच्या जरा मागं गेली की चढावर पुढचं चाक उचललं जातं आणि माणूस उताणा. म्हणून मागच्या बाजूला एक बारकं आधाराचं चाक लावलेलं. ते चाक पाहिलं आणि मी तिथंच बाकावर बसले. आत्या मंडईच्या चढावर मागं घसरली तो दिवस आठवला.

त्याचं असं झालं. फळी काढल्यावर आत्यानं जुन्या पलंगाची नवार मागून घेतली. सीटच्या चौकटीवर ती उभी-आडवी विणली, पलंग विणतात तशी, जरा सैल. बसलं की नवार अंगाखाली खोलगट व्हायची आणि भार दोन हाडांवर न राहता सगळ्या मांड्यांवर पसरायचा. तासाचे दोन तास झाले. पण नवारीनं बूड मागं आणि खाली गेलं, आणि हात पायडलपर्यंत पूर्ण ताणावे लागले. खांदे दुखायला लागले. शिवाय वजन मागच्या आसाकडं सरकलं. आमच्या गाडीत जोर पुढच्या चाकावर, आणि तेच हलकं झालं. चढावर आत्या पायडल फिरवतेय, चाक मातीत जागेवर फिरतंय आणि गाडी हळूहळू मागं येतेय. भाजीवाल्या मावशींनी धरली म्हणून वाचली.

आत्या घरी आली, गाडीकडं बराच वेळ बघत बसली. नुसती सीट पुढं घेतली असती तर वजन पुढं आलं असतं, पण हात तरी पुरते पोचले नसते. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडं जाऊन म्हणाली, "खांब चार बोटं मागं घे. आणि चौकट आसाच्या पुढं आण, तीन बोटं." त्यानं टेप काढला. आत्यानं आपली बोटं नळीवर आडवी ठेवली आणि खडूनं रेघ मारायला लावली. "माझ्या बोटानं. तुझ्या नको." वेल्डिंग झाल्यावर खांब हलायला लागला, कारण आधार देणारी पट्टी आता लांब पडत होती. मग एक तिरकी नळी जोडली. मी नंतर कॉलेजात शिकले की चौकोनाला तिरका दांडा दिला की तो मोडत नाही, कारण त्याचे त्रिकोण होतात. ते मला नवं नव्हतं.

आत्याचं हे दुखणं नवं नव्हतं, कोव्हेंट्रीतल्या लोकांनाही तेच कोडं पडलं होतं. खुर्चीत बसून पाय पुढं टाकून पायडल मारलं की बसायला आराम, पण अंगाचं वजन पायडलवर टाकता येत नाही. चढ आला की नुसत्या मांड्या लढतात. १८८४ च्या सुमारास 'क्रिपर' जातीच्या तीनचाकी आल्या आणि त्यांनी माणसाला उचलून पायडलच्या वर बसवलं. खुर्ची गेली, खोगीर आलं. मूठ गेली, दोन्ही हातांचं हँडल थेट पुढच्या चाकावर आलं. वेग वाढला, शर्यती जिंकल्या. पालखीसारखी फ्रेम जाऊन सायकलीसारखा दांडा आला, आणि मागच्या लांब आसाला वाकू नये म्हणून वरून नळीचा आधार. गाडी हलकी झाली, घट्ट झाली. यंत्र म्हणून ती फार पुढची पायरी होती. तरी मला त्या आधीच्या खुर्च्यांबद्दल जास्त माया वाटते. बलवान पाय असलेल्याला खोगीर पुरतं. ज्याला दिवसभर बसायचं आहे त्याचा विचार खुर्ची करणाऱ्यानं केला होता.

खोगीर म्हटल्यावर बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्सचं नाव घेतलं पाहिजे. हा माणूस मूळचा घोड्यांच्या सामानाचा, कातडी पट्टे आणि लगाम करणारा. १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं सायकल उसनी घेतली. तिच्या सीटनं त्याला इतका त्रास दिला की त्यानं स्वतःच सीट करायला घेतली. २८ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यानं आपल्या खोगिराचं पेटंट घेतलं. ब्रूक्सच्या नावाजलेल्या खोगिरात गादी नसते. जाड कातडं लोखंडी सांगाड्यावर पुढून मागं ताणलेलं, झोळीसारखं. महिनोन्महिने बसत गेलं की त्याला बसणाऱ्याच्या हाडांचा आकार येतो. सैल पडलं की नाकाजवळचा बोल्ट फिरवून पुन्हा ताणायचं. संग्रहालयात हे वाचलं तेव्हा मी तिथूनच आत्याला फोन केला. तिच्याकडं संध्याकाळ होती, दिवाबत्ती चाललेली. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे नवारच की. आम्हीबी पायथ्याची दोरी ओढतोच." मऊ गादी आणि ताणलेलं कापड यांतला फरक तिला ब्रूक्सइतकाच कळला होता. गादी चेपते आणि मग खालची फळी लागते. ताणलेल्या कापडाखाली लागायला काहीच नसतं.

आत्याच्या गाडीला हवेचे टायर होते. तेही एका तीनचाकीचंच देणं. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या चाकांवर दगडी रस्त्यावरून खडखडत जायची. डनलॉपनं लाकडी चकतीवर पातळ रबराची नळी बसवली, कापडानं गुंडाळली, फुटबॉलच्या पंपानं फुगवली. मग अंगणात दोन चाकं घरंगळत सोडली, एक मुलाच्या गाडीचं भरीव, एक हवेचं. भरीव चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं अंगण ओलांडून फाटकावर आपटलं आणि उडालं. १८८८ मध्ये पेटंट मिळालं. पुढं ते रद्द झालं, कारण रॉबर्ट थॉमसननं १८४० च्या दशकातच तीच कल्पना नोंदवली होती. पण रस्ता आणि बसणारा यांच्या मधे हवा घालणारा माणूस म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो हा बाप.

या सगळ्यांच्या दोनशे वर्षं आधीचा एक माणूस मला सर्वांत जवळचा वाटतो. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ आल्टडॉर्फ नावाच्या गावी श्टेफान फार्फलर हा घड्याळजी राहायचा. जन्म १६३३. लहानपणापासून त्याचे पाय चालत नव्हते. १६५५ च्या सुमारास त्यानं स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. पुढच्या चाकाला दातेरी चक्रं, आणि ती फिरवायला हाताच्या मुठी. जोर पुढच्या चाकावर, गती हातांची, बसणारा आणि घडवणारा एकच. इंग्लंडात माणसं पायांनी तीनचाकी चालवू लागली त्याच्या कितीतरी आधी हातांनी चालवायची तीनचाकी रस्त्यावर आली होती, आणि ती आली एका पांगळ्या कारागिराच्या गरजेतून. तीनचाकीच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तो घड्याळं करायचा, आत्या ब्लाउज शिवते. दोन्ही बैठी कामं, दोन्हीत नजर बारीक लागते.

कोव्हेंट्रीतल्या ग्रेफ्रायर्स ग्रीन या हिरवळीवर स्टार्लीचं स्मारक आहे, १८८४ मध्ये उभारलेलं. राणी व्हिक्टोरियानं १८८१ मध्ये त्याच्या दोन साल्वो मागवल्या आणि त्याच वर्षी तो गेला. परत यायच्या आदल्या दिवशी मी तिथं जाऊन आले. आत्यासाठी फोटो काढला. तिनं तो मशीनच्या खणात ठेवलाय, बॉबिनांच्या डबीखाली.

गेल्या वर्षी आत्याला दुसरी तीनचाकी मिळाली. जुनीची फ्रेम गंजून मोडली होती. नवी गाडी देखणी आहे, रंग चांगला, बेअरिंग चांगली, ब्रेक दोन्ही चाकांना. सीट मात्र पुन्हा सपाट. आतली फळी आता प्लॅस्टिकची, वरचं रेक्झिन काळं. मी रजा काढून कराडला गेले. लॅपटॉपवर फ्रेमचं चित्र काढलं, मापं टाकली, वजनाचा मध्य कुठं येतो ते काढलं. रात्री दहा वाजता आत्याला स्क्रीन दाखवली. तिनं चष्मा लावून नीट बघितली.

"बसून बघितलंस का?"

बसले नव्हते. पंचवीस वर्षांत मी तिच्या कुठल्याच गाडीवर पाच मिनिटांपलीकडं बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाडीवर बसले. आत्यानं ओढणीनं माझे दोन्ही पाय पावठ्याला बांधले, आधार घेता येऊ नये म्हणून. घर ते मंडई, मंडई ते कापडाचं दुकान आणि परत. पहिल्या दहा मिनिटांतच मला कळलं ते आकड्यांत कुठंच नव्हतं. पायडल ढकललं की अंग मागं जातं, ओढलं की पुढं सरकतं, आणि सपाट सीटवरून हळूहळू घसरत कंबर पुढच्या काठावर येते. पायांनी रेटा देता येत नाही, म्हणून दर थोड्या वेळानं हातांवर उठून मागं बसायचं. जुन्या गाडीवर पुढच्या काठाखाली आत्या कायम एक घडी घातलेली जुनी साडी कोंबून ठेवायची. मला वाटायचं, ती चिखल झाला तर पुसायला ठेवलीय.

दुकानाजवळच्या कट्ट्याशी मी थांबले. हातांवर अंग उचललं. कट्ट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "तारीचीच भाची ना तू?" मी बोलत उभी राहिले, म्हणजे बसून राहिले.

दुपारी आम्ही दोघी वेल्डिंगच्या दुकानात गेलो. जुना वेल्डिंगवाला आता थकलाय, मुलगा काम बघतो. त्यानं विचारलं, सीटचा पुढचा काठ किती वर घ्यायचा. मी चित्रातला अंश सांगायला फोन काढला. आत्यानं माझा हात धरला, चौकटीखाली नेला आणि माझीच दोन बोटं तिथं आडवी ठेवली.

"आज हिच्या बोटानं," ती त्याला म्हणाली. "खडू दे इकडं."